आत्याची बदललेली भांडी

आत्यानं माझ्या हातात पळी दिली आणि म्हणाली, "हिचं वजन बघ बरं."

मी पळी हातात तोलली. रोजचीच होती. दांड्याच्या टोकाला भोक, भोकात सुतळीचा फास. कित्येक वर्षं ती ओट्यावरच्या खिळ्याला लटकत होती.

"काय झालं हिला?"

"हलकी लागून राह्यली न्हाई का?"

"नाही गं. आहे तशीच आहे."

"माझी जड होती. ही माझी न्हाई. कोणी तरी माझी नेली आन् ही ठेवून गेलं."

मी हसले. पळी चोरायची आणि तिच्या जागी तसलीच दुसरी पळी ठेवायची, असला चोर कुठला? माझं बघून आत्याही थोडी हसली. पण पळी तिनं परत खिळ्याला अडकवली नाही. ओट्याच्या एका कोपऱ्यात वेगळी काढून ठेवली, पाहुण्याची चप्पल बाजूला ठेवावी तशी.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. आमचं गाव अंबड तालुक्यातलं. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी तिचे यजमान आजारानं गेले आणि ती माहेरी परत आली. वडील सांगतात, वर्षभर ती कोणाशी धड बोलली नाही. मग एक दिवस म्हणाली, मला शिवण शिकायला पाठवा. शिकली, आणि जालन्यात मुलींच्या शाळेत शिवणाची बाई म्हणून लागली. जुन्या जालन्यात कापडाच्या दुकानांच्या गल्लीत, वरच्या मजल्यावर तिच्या दोन खोल्या. मी आठवीत गेले तेव्हा वडिलांनी मला शिकायला तिच्याकडे ठेवलं, आणि कॉलेज संपेपर्यंत मी तिथंच राहिले. तिला मूल नव्हतं. मला आईनं जन्म दिला हे खरं, पण माझी वेणी, माझा अभ्यास, माझं आजारपण सगळं आत्यानं बघितलं.

तिची नजर विलक्षण होती. रिक्षातून जाताना शेजारच्या मोटारसायकलवरच्या माणसाकडे बघून ती माझ्या कानात सांगायची, "कॉलर तिरपी लावलीय बघ त्याची." लग्नात नवरीकडे सगळे बघायचे आणि आत्या नवरीच्या ब्लाऊजच्या पाठीकडे बघायची. आम्हा दोघींना त्यावरून फार हसू यायचं.

पळीचा प्रसंग झाला तेव्हा ती निवृत्त होऊन काही वर्षं झाली होती. माझं लग्न होऊन मी नवीन जालन्यात राहायला गेले होते. तिथंच एका बियाणं कंपनीच्या प्रयोगशाळेत मी काम करते. ओल्या कागदात बी गुंडाळून ठेवायचं आणि ठरलेल्या दिवशी उघडून किती उगवलं ते बघायचं, हे माझं काम. दर रविवारी मी आत्याकडे जात असे. तिला ऐकू कमी यायला लागलं होतं, पण ते ती कबूल करत नसे. "लोकच तोंडातल्या तोंडात बोलतात आजकाल," म्हणायची.

पळीनंतर पातेल्याची पाळी आली. मग परातीची, मग गाद्यांवरच्या चादरींची. सगळ्या वस्तू जागेवर असायच्या, पण आत्याच्या मते त्या तिच्या नव्हत्या. ती बाहेर गेली की कोणी तरी येतं, तिची वस्तू नेतं आणि हुबेहूब तशीच, पण थोडी कमअस्सल वस्तू ठेवून जातं. भांड्यांवर तर तिचं नाव घातलेलं होतं, आपल्याकडे घालतात तसं, ठिपक्याठिपक्यांनी. मी ते नाव तिला दाखवलं.

"नाव बी घातलंय त्यांनी," आत्या म्हणाली. "काम चांगलं हाय त्यांचं."

"पण आत्या, कशासाठी करतील असं?"

"मला येडं ठरवायला. मी असं बोलले की लोक येडं म्हणणार, हे त्यांना बराबर माहीत हाय."



एका रविवारी तिनं स्वतःचं जुनं पोलकं उलटं करून माझ्यापुढं धरलं. "हा टाका बघ. माझ्यागतच घातलाय. पण माझ्या टाक्यात घाई नसते. ह्यात घाई हाय." मी बघितलं. बाहीला नव्यानं घातलेला टाका खरंच तिच्या पूर्वीच्या टाक्यासारखा नव्हता. आता वाटतं, डोळ्यांचं आणि बोटांचं वय झालं होतं, आणि तो टाका तिचाच होता. पण तेव्हा मी नुसतंच "तुझाच आहे गं" म्हणत राहिले.

मग मला वाटलं, हिला पक्का पुरावा द्यावा. माझं सगळं काम तपासणीचं. शंका आली की परत नमुना घ्यायचा आणि परत तपासायचा, म्हणजे शंका मिटते. मी आत्याला म्हणाले, "चल, आपण भांड्यांवर अशी खूण करू की ती फक्त तुला आणि मलाच ठाऊक असेल." तिला ते फार पटलं. आम्ही दोघी पिशव्या भरून भांडी घेऊन भांड्यांच्या दुकानात गेलो. नाव घालणाऱ्यानं विचारलं, काय घालू? आत्या म्हणाली, "मासा काढा. लहान. बुडाला." आमच्या अंबडच्या देवीचा डोंगर माशाच्या आकाराचा, म्हणून तिला मासा सुचला असावा. त्या माणसानं प्रत्येक भांड्याच्या बुडाला एकेक छोटा मासा काढून दिला. परत येताना आत्या खुशीत होती. आम्ही उसाचा रस प्यायलो. मला वाटलं, झालं, सुटलं.

पुढच्या रविवारी मी जिना चढून वर गेले, तर ती सगळी भांडी पालथी घालून त्यांच्यामध्ये बसली होती.

"मासे बी काढले त्यांनी," ती म्हणाली.

मी खाली बसले. मला रागच आला होता. मी आवाज चढवून बोलले, कारण एक तर तिला ऐकू येत नव्हतं आणि दुसरं म्हणजे मला चढवायचाच होता. "आत्या, मी स्वतः तिथं उभी होते. माझ्यासमोर काढलेत हे मासे."

तिनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. तिच्या डोळ्यांत माझ्याबद्दल दया होती. "तुला बी फसवलं गं त्यांनी," ती म्हणाली. "तू नको वाईट वाटून घेऊस."

समोरच्या खोल्यांमध्ये एक काकू राहायच्या. त्यांचे यजमान कापड दुकानात मुनीम होते, तेही जाऊन बरीच वर्षं झाली होती. काकू आत्याला सगळ्या गल्लीसारखं 'बाई' म्हणायच्या आणि आत्या त्यांना 'वहिनी' म्हणायची. दोघींचा संध्याकाळचा चहा तीस वर्षं एकत्र. एक दिवस ह्यांच्याकडे, एक दिवस त्यांच्याकडे. आत्याच्या घराची एक चावी कायम काकूंकडे असायची.

त्या चावीवर आत्याचं लक्ष गेलं नसतं तरच नवल.

मला हे काकूंनीच जिन्यात थांबवून सांगितलं. काकूंनी धपाटे केले होते. आत्याच्याच डब्यात घालून ते द्यायला गेल्या. आत्यानं डबा हातात घेतला, फिरवून बघितला आणि म्हणाली, "वहिनी, माझा डबा कुठं हाय?" काकूंना वाटलं, ऐकण्यात चूक झाली. त्या मोठ्यानं म्हणाल्या, "हाच की तुमचा डबा." तर आत्या म्हणाली, "मंग माझी चावी द्या परत."

"मी दिली चावी," काकू मला सांगत होत्या. बोलताना त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या आणि सोडत होत्या. "भांडण कशाला करायचं? पण पोरी, तीस वर्षं झाली. मी काय त्यांच्या घरात चोरून शिरणार व्हय? लेकीच्या लग्नात माझे दागिने ह्या बाईच्या कपाटात ठेवल्ते मी. मोजून घेतले न्हाईत परत."

"काकू, तिच्या मनात नाही तसं काही. तिला काही तरी होतंय."

"ते मला बी दिसून राह्यलं," काकू म्हणाल्या. "म्हणून तर रडू येतं."

चहा बंद झाला. आत्यानं कुलूप बदललं. मग घरातून बाहेर पडणंच कमी केलं, कारण बाहेर पडलं की ते येतात. भाजीसुद्धा गॅलरीतून टोपली सोडून घ्यायला लागली. मी तिला आमच्या घरी घेऊन आले. नवरा म्हणाला, इथं माणसांत राहिली की विसरेल. पहिले काही दिवस ती खरंच निवांत होती. माझ्या मुलीच्या फ्रॉकला खिसे लावून दिले. मग एका सकाळी ती ताटावरून उठली, स्वयंपाकघरात माझ्याजवळ आली आणि अगदी अपराधी चेहऱ्यानं म्हणाली, "इथं बी आले गं ते. माझ्यामागं आले. तुमच्या घराला माझ्यामुळं ताप झाला."

त्या दिवसापासून ती पोटभर जेवेना. झोप तर आधीच उडाली होती. ब्लाऊज खांद्यावरून उतरायला लागले.

वडील गावाहून आले. मला बाजूला घेऊन म्हणाले, "कोणी काही केलं असंल का तिला? तिकडं एकजण हाय, बघतो असलं. एकदा दाखवून आणू."

"दादा, आपण डॉक्टरला दाखवू."

"डोक्याच्या? लोक काय म्हणतील?"

"लोक अजून तरी काही म्हणत नाहीत. ती जेवत नाहीये, ते बघा ना."

वडील उठले. मग आत गेले आणि आत्याशेजारी खाटेवर बसून राहिले. लहानपणी आत्यानं त्यांना कडेवर खेळवलेलं. दोघं भावंडं काही न बोलता टीव्ही बघत होती. निघताना ते मला म्हणाले, "जल्दी ने. मी येतो सोबत."

दवाखाना नवीन जालन्यात, स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर. मी आत्याला म्हटलं होतं, झोप लागत नाही, तेवढ्यासाठी जाऊ. पण शिवणाच्या बाईला पाटी वाचता येत होती. दारातच थांबली. "हा येड्यांचा डॉक्टर हाय का?"

"मनाचा डॉक्टर आहे," मी म्हणाले. "तुला भीती वाटते, झोप येत नाही, जेवण जात नाही. तेवढं सांगू. पुढचं नाही पटलं तर उठून येऊ."

तिनं वडिलांकडे बघितलं. वडिलांनी मान हलवली. ती आत गेली.

डॉक्टर चाळिशीचे असतील. आत्या त्यांच्या ओठांकडे बघतेय हे त्यांनी पहिल्या दोन वाक्यांतच ओळखलं आणि खुर्ची टेबलाच्या अलीकडे, तिच्यासमोर आणून बसले. सावकाश बोलले. आत्यानं त्यांना पळीपासून सगळं सांगितलं. शाळेत धडा समजावून द्यावा तसं नीट, क्रमानं. डॉक्टर हसले नाहीत आणि त्यांनी मानही डोलावली नाही. सगळं ऐकल्यावर त्यांनी विचारलं, "ते येऊन गेले असं कळतं, तेव्हा तुम्हाला कसं वाटतं, बाई?"

"भीती वाटते," आत्या म्हणाली. "आन् लाज वाटते."

"लाज कशाची?"

"माझ्या घरात कोणी बी येतं, हात लावतं, जातं. अन् मला पत्ता न्हाई. ते घर हाय का धर्मशाळा? जन्मभर मी माझं माझं राह्यले. परक्या माणसाला उंबऱ्याच्या आत येऊ दिलं न्हाई. आता म्हातारपणी हे."

कित्येक महिने मी भांड्यांबद्दल ऐकत होते. लाजेबद्दल मी पहिल्यांदा ऐकलं. मी कधी विचारलंच नव्हतं. मी फक्त भांडी तपासत होते.

तपासण्या झाल्या. रक्त तपासलं, स्मरणशक्ती तपासली. आत्यानं डॉक्टरांना शाळेतल्या मुलींची नावं सांगितली तेव्हा त्यांनीच हात जोडले. स्मरणशक्ती उत्तम होती. कानांत मात्र बराच दोष निघाला. दुसऱ्या भेटीत आत्याला विचारून त्यांनी मला आणि वडिलांना आत बोलावलं.

"ह्याला आम्ही भ्रम म्हणतो," ते म्हणाले. "भास वेगळा. भासात नसलेलं दिसतं, नसलेलं ऐकू येतं. भ्रमात तसं नसतं. तुम्हाला जी पळी दिसते तीच बाईंनाही दिसते. पण तिचा अर्थ मनात एकदा ठरून जातो आणि मग काही केल्या हलत नाही. तापात अंग गरम होतं तसं हे आजाराचं लक्षण आहे. फरक एवढाच, की ताप आलेल्या माणसावर कोणी रागवत नाही."

"पण ती किती हुशार आहे, डॉक्टर," मी म्हणाले.

"आहेतच. हुशारी शाबूत आहे, पण सध्या ती सगळी भ्रमाच्या कामाला लागलीय. तुम्ही पुरावा दिलात, मासा काढलात. त्यांनी तो पुरावाच घेतला आणि भिंतीला आणखी एक वीट लावली."

वडिलांनी विचारलं, "मंग काय म्हणायचं तिला? हो म्हणायचं?"

"नाही. हो म्हटलं तर उद्या तुम्ही त्यांच्याबरोबर चोर शोधत बसाल. वाद घालू नका आणि खोटंही बोलू नका. मला तसं दिसत नाही, पण तुला भीती वाटतेय ते मला दिसतंय, एवढं म्हणता येतं का बघा."

"एकटी राहते म्हणून झालं का हे? की ऐकू येत नाही म्हणून?" मी विचारलं.

"त्यानं वाट सोपी होते. अर्धवट कानावर पडतं, उरलेलं मन भरून काढतं, आणि बरोबर आहे का ते विचारायला शेजारी कोणी नसतं. पण एकाच कारणावर बोट ठेवायला जाऊ नका. हे कोडं नाही. आजार आहे. औषध द्यायचं, कानाचं बघायचं आणि सोबत राहायचं."

सोबत राहायचं म्हणजे काय, ते शिकायला मला वेळ लागला. घरी आल्यावर दोन-चार दिवसांनी आत्यानं मला तिची निळी साडी दाखवली. "ही बी बदलली."

माझ्या जिभेवर "नाही गं" आलं होतं. ते मी गिळलं. तिच्याजवळ पलंगावर बसले. "मला तर ती तुझीच दिसते आत्या. पण तुला जर सगळंच परकं वाटत असेल, तर दिवसभर कसं वाटत असेल गं तुला?"

ती साडीच्या काठावरून बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, "दुसऱ्याच्या घरी मुक्कामाला आल्यागत. सगळं जागच्या जागी हाय. माझं काहीच न्हाई. हात लावायला बी भ्या वाटतं."

मी तिच्या खांद्यावर हात टाकला. किती बारीक झाला होता तो खांदा. "मग इथं हात लाव," मी म्हणाले आणि माझा हात पुढं केला. तिनं तो हातात घेतला, उलटा करून बघितला. "नखं वाढवलीस," ती म्हणाली. "बियाण्यात काम करतीस आन् नखं वाढवतीस?" मग नेलकटर मागवलं.

औषध सुरू झालं ते काही सरळ गेलं नाही. पहिल्या दिवसांत ती दिवसभर पेंगायची. मग हात कापायला लागला आणि सुईत दोरा ओवता येईना, तेव्हा ती घाबरली. एकदा गोळी तळहातावर घेऊन म्हणाली, "ही बी बदलली असंल तर?" मी डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी डोस कमी केला, दुसरं औषध दिलं, आणि म्हणाले, गोळी तुम्ही द्या, पाकीट त्यांच्यासमोर फोडा. तेव्हापासून पाकीट फोडायचं काम आत्याचंच झालं. आपल्या हातानं फोडलेली गोळी ती घ्यायची.

कानातलं यंत्र आलं तो दिवस आमच्या घरात अजून सांगितला जातो. यंत्र बसवून ती घरी आली आणि कुकरची शिट्टी झाली तशी दोन्ही हात छातीवर ठेवून उभी राहिली. "किती वाजतंय हे सगळं," ती म्हणाली. पंखा वाजत होता, पिशवी वाजत होती, माझ्या मुलीच्या पायातलं पैंजण वाजत होतं. संध्याकाळी ती शिवणाची कात्री घेऊन बसली आणि जुन्या साडीच्या पट्ट्या कापत राहिली. काही शिवायचं नव्हतं. कात्रीचा आवाज ऐकायचा होता. नवरा टीव्ही बघत होता, त्यानं आवाज बंद केला.

महिने गेले. भांड्यांचा विषय रोज निघायचा, मग आठवड्यातून एकदा, मग निघेनासा झाला. मी कधी स्वतःहून काढला नाही. ती जेवायला लागली. आणि एक दिवस म्हणाली, "मला माझ्या घरी सोड."

त्या सकाळी आम्ही जिना चढून वर गेलो. आत्यानं कुलूप उघडलं. खिडक्या उघडल्या. फडताळापुढं उभी राहिली आणि भांड्यांकडे बघत राहिली. मी दारातच उभी होते. मग तिनं एक पातेलं काढलं, धुतलं आणि चहाचं आधण ठेवलं.

"भांडी कशी आहेत?" मला राहवलं नाही.

"बरी हायेत. धूळ बसलीय." तिनं साखर घातली. "येत न्हाईत ते आता. कंटाळले असतील."

मी डॉक्टरांना हे सांगितलं तेव्हा मला थोडी निराशा वाटत होती. मला वाटायचं, बरी झाली की ती म्हणेल, माझंच चुकत होतं, कोणी येत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, "काहीजण म्हणतात, काहीजण कधीच म्हणत नाहीत. भीती गेली ना? झोप येते ना? मग ते आता येत नाहीत असं त्या म्हणतात तर म्हणू द्या. ज्या भ्रमाला इतके दिवस खरं मानलं, त्याला असंच निरोप देतात लोक."

काकूंचं कोडं मात्र औषधानं सुटण्यासारखं नव्हतं. जे आपल्या लेखी खरंच घडलं, त्याची माफी आत्या कशी मागणार? आणि माफीशिवाय काकूंनी कसं यायचं? मी मध्ये पडायचं ठरवत होते, पण त्याआधी काकूंनीच दार वाजवलं. हातात नातीचं परकर-पोलकं होतं. त्यांच्या तोंडचं वाक्य त्यांनी बहुतेक घरून घोकून आणलं होतं.

"बाई, मी तुमच्या घरात चोरून कधी आले न्हाई."

आत्यानं त्यांच्याकडे बघितलं. "मला माहीत हाय. तुम्ही नव्हता, वहिनी. दुसरं कोणी तरी होतं."

काकू क्षणभर घोटाळल्या. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी पाट सरकवला. काकू पाटावर बसल्या. "मंग ठीक हाय," त्या म्हणाल्या. "हे पोलकं पोरीला गळ्यात घट्ट होऊन राह्यलं."

नंतर जिन्यात मी त्यांना विचारलं, "काकू, तुम्हाला वाईट नाही वाटलं?"

"मला वगळलं ना त्यातनं? बस्स," काकू म्हणाल्या. "सगळंच खोदत बसलं तर चहा कधी प्यायचा?"

त्यानंतर सगळं गोड झालं असं मात्र नाही. एका दिवाळीत आत्यानं आपल्या मनानं गोळी सोडली. आता मी बरी हाय, कशाला पाहिजे, असा हिशोब. महिन्याभरात पडद्यांकडे संशयानं बघायला लागली. यावेळी काकूंनी मला लगेच फोन केला आणि आत्यानंही दवाखान्यात यायला आढेवेढे घेतले नाहीत. डॉक्टरांना म्हणाली, "पुन्हा तसं वाटून राह्यलं." 'आले' म्हणाली नाही, 'वाटून राह्यलं' म्हणाली. मी आणि डॉक्टरांनी एकमेकांकडे बघितलं. गोळी परत सुरू झाली.

मागच्या हिवाळ्यात गावाकडे चुलत भावाच्या मुलीचं लग्न होतं. आत्या चार दिवस आधीच जायचं म्हणून बॅग भरून बसली होती. आम्ही एसटीनं अंबडला उतरलो, तिथून वडील जीप घेऊन आले. मांडवात तिच्याभोवती बायका जमल्या. मी थोडी दूर उभी होते, तर नात्यातल्या एका बाईंनी माझ्या कोपराला धरून हळूच विचारलं, "आता बरी हाय का गं? मधी डोक्यावर परिणाम झाल्ता म्हणं."

मी काही म्हणायच्या आत आत्याच वळली.

"झाल्ता," ती म्हणाली. "गोळी घेते मी. आन् यंत्र लावल्यापासून ऐकू बी येतं, बिलकुल साफ."

त्या बाई ओशाळल्या. पदर सावरत म्हणाल्या, "न्हाई, मी आपलं काळजीनं..."

"काळजीनंच विचारलंस," आत्या म्हणाली. "त्यात लाजायचं काय? तुझ्या सासूबाईचं कसं हाय आता? त्या बी रात्रीच्या उठून फिरत्यात म्हणं."

त्या बाईंनी इकडंतिकडं बघितलं. मग आत्याजवळ सरकल्या. दबक्या आवाजात सांगायला लागल्या, सासूबाई दार उघडून बाहेर जातात, कोणी हाक मारली म्हणतात, घरात सगळे रागावतात. आत्या यंत्राच्या बाजूचा कान त्यांच्याकडे करून ऐकत होती. पंगत बसल्याची हाक आली तरी दोघी उठल्या नाहीत. आत्या त्यांना दवाखाना स्टेशनकडच्या रस्त्यावर कुठं आहे ते समजावून सांगत होती.